दोन रुमाल

‘सत्यघटनेवर आधारित.’ मुखपृष्ठावर एवढे दोन शब्द छापले की शंभरेक प्रती जास्त खपतात, असं माझ्या प्रकाशकांचं म्हणणं. ते धंद्यात मुरलेले आणि मी पणजीतल्या एका सरकारी कचेरीतला कारकून, तेव्हा खपाबद्दल त्यांच्याशी वाद घालण्याची माझी प्राज्ञा नाही. पण त्यांनी पाठवलेला मुखपृष्ठाचा नमुना पाहिला आणि हातातला चहा गार झाला. काळ्या पार्श्वभूमीवर पिवळा रुमाल, मागे कालीमातेचे लाल डोळे आणि खाली ओळी : ‘एक इंग्रज. एक रुमाल. हजारो खून. सत्यघटनेवर आधारित.’

आता गंमत अशी, की माझ्या कादंबरीचा नायक इंग्रज नाहीच. तो सागरच्या कचेरीतला एक मराठी कारकून आहे. रुमाल त्याच्याकडेही आहे म्हणा, पण तो दप्तर बांधायचा!

आधी थोडं मागचं सांगतो. खऱ्या गुप्तहेरावरून कादंबरीतला गुप्तहेर घडवायची रीत जुनी आहे. लंडनच्या पोलिसांनी १८४२ साली गुप्तहेरांची वेगळी शाखा काढली तेव्हा तिच्यात दोन इन्स्पेक्टर आणि सहा सार्जंट, मिळून आठ माणसं होती. या शाखेतल्या लोकांवर डिकन्सचा भारी जीव. इन्स्पेक्टर फील्डवरून त्याने ‘ब्लीक हाऊस’मधला बकेट उभा केला असं मानतात. व्हिचर नावाच्या दुसऱ्या इन्स्पेक्टरची गोष्ट मात्र चटका लावणारी आहे. १८६० साली एका खेड्यातल्या बड्या घरात लहान मुलाचा खून झाला, आणि व्हिचरने त्याच घरातल्या सोळा वर्षांच्या मुलीवर, कॉन्स्टन्स केंटवर बोट ठेवलं. एका साध्या घरातला पोलीस सभ्य घरातल्या मुलीवर संशय घेतो म्हणजे काय! लोकांनी त्यालाच धारेवर धरलं. १८६५ साली तिने स्वतः गुन्हा कबूल केला, पण तोवर व्हिचर नोकरी सोडून बसला होता. याच प्रकरणाची सावली विल्की कॉलिन्सच्या ‘मूनस्टोन’वर आहे, आणि २००८ साली केट समरस्केल यांनी खुद्द व्हिचरवर लिहिलेलं पुस्तक जगभर गाजलं. आपल्याकडे कलकत्त्यात प्रियनाथ मुखोपाध्याय नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने १८९२ पासून स्वतःच्याच तपासांच्या कथा ‘दारोगार दप्तर’ या नावाने छापायला सुरुवात केली. ‘दप्तर’ हा शब्द पाहिलात ना? तेव्हाच माझे कान टवकारले होते.

मराठीत आम्ही बाबूराव अर्नाळकरांवर वाढलो. झुंजार आणि काळापहाड शाळेच्या पुस्तकाच्या आड धरून वाचले नाहीत असा माझ्या पिढीचा वाचक विरळा. (आमच्या वाड्यावरच्या वाचनालयात त्या पुस्तकांची शेवटची पानं हमखास फाटलेली असत, त्यामुळे कित्येक खुनी मला आजतागायत ठाऊक नाहीत.) पण खऱ्या तपासावरून, खऱ्या कागदांवरून रचलेली ऐतिहासिक गुन्हेकथा मराठीत मला फारशी भेटली नाही. म्हणून शोधता शोधता स्लीमनपाशी आलो.

विल्यम हेन्री स्लीमन. ठगांचा बीमोड करणारा म्हणून शाळेच्या इतिहासात एका ओळीत येऊन जातो तो. राणी व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ साली आणि स्लीमनचं मुख्य काम त्याच्या आधीचं, त्यामुळे त्याला व्हिक्टोरियन म्हणणं थोडं ताणल्यासारखं होईल. पण ठगांवरची पहिली गाजलेली कादंबरी, मेडोज टेलरची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’, आली १८३९ साली. ज्या एडगर ॲलन पोला गुप्तहेरकथेचा जनक म्हणतात, त्याची पहिली तशी कथाही त्यानंतरची, १८४१ची. आणि लंडनमध्ये ती आठ माणसं नेमली जाण्याच्या कितीतरी आधी सागर-जबलपूरकडे स्लीमनच्या कचेरीत जबान्या, वंशावळी आणि नकाशे यांचे ढीग लागले होते. हा टेलर आपल्याला तसा जवळचा. निजामाच्या नोकरीत होता, नळदुर्गच्या किल्ल्यात राहिला, आणि शिवाजी महाराजांच्या काळावर ‘तारा’ ही कादंबरीही त्याने लिहिली.

स्लीमनच्या लिखाणातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. १८२२ ते १८२४ या काळात तो नरसिंहपूरचा मुलकी अधिकारी होता. आपल्या जिल्ह्यात कुठे खुट्ट झालं तरी आपल्याला कळतं, असा त्याचा समज. पुढे ठग बोलायला लागले तेव्हा त्याला समजलं, की त्याच्या कोर्टापासून चारशे यार्डांच्या आत, कंदेली गावात ठगांची एक टोळी घर करून राहत होती. आणि सागर-भोपाळ रस्त्यावर, एका मजलेच्या अंतरावर मंडेसूरची जी आमराई होती, ती ठगांच्या मोठ्या दफनभूमींपैकी एक होती. प्रवाशांना मारून तिथे पुरत. ठगांच्या भाषेत अशा जागेला ‘बिल’ म्हणत.

चारशे यार्ड म्हणजे आमच्या कचेरीपासून कोपऱ्यावरचं चहाचं हॉटेल. साहेबाला कळलं नाही हे मी समजू शकतो, कारण साहेबाला हॉटेलातलं काही कळत नसतंच. पण कारकुनाला? तो तर रोज तिथून चालत येत असेल. त्याला काहीच दिसलं नसेल? की दिसलं, आणि तो गप्प बसला? माझी कादंबरी या प्रश्नातून निघाली.

तिथे मराठी कारकून असणं मुळीच ओढूनताणून आणलेलं नाही. सागर गोविंदपंत बुंदेल्यांच्या घराण्याकडे होतं, नरसिंहपूर नागपूरकर भोसल्यांकडे, आणि दोन्ही मुलूख १८१८च्या सुमारास कंपनीकडे गेले. राज्य बदललं तरी जुना हिशेब वाचायला जुनाच माणूस लागतो. आपल्याकडे १९६१ नंतर पोर्तुगीज कागद वाचणाऱ्या जुन्या नोकरांना किती मान होता हे घरातल्या थोरांना विचारा! तसा हा माझा मोडी लिहिणारा कारकून. त्याला मी नावच दिलेलं नाही, सगळे त्याला ‘कारकून’ म्हणूनच हाक मारतात. स्लीमन, फिरंगिया, कंदेली, मंडेसूर हे सगळं खरं, कारकून माझा. प्रस्तावनेत हे स्वच्छ लिहिलं आहे.

स्लीमनची पद्धत पाहिली तर तीही कारकुनीच आहे. पकडलेल्या ठगाला माफीचा साक्षीदार करायचं, त्याची जबानी घ्यायची, दुसऱ्याला त्याच्याशी बोलू न देता त्याची वेगळी घ्यायची, मग दोन्ही कागद शेजारी ठेवून ताडून पाहायच्या. टोळ्यांच्या वंशावळी, ठगांच्या रामसी बोलीचा शब्दकोश (हा १८३६ साली कलकत्त्याला छापला), कोण कोणाचा मेहुणा, कोण कोणत्या सालच्या कुठल्या खुनात होता याची टिपणं. भिंग नाही, पाइप नाही, बुटाचे ठसे नाहीत. एका नावाची चार माणसं निघाली तर बसा शोधत. आमच्या कचेरीत एकाच नावाचे तीन नाईक निवृत्त झाले तेव्हा पेन्शनच्या फायलींचा जो गुंता झाला होता, तो मी दोन महिने सोडवत होतो. त्यात कोणी फासावर जाणार नव्हतं एवढंच.

इथे मात्र जात होतं. शेकडो माणसं फाशी गेली, त्याहून जास्त काळ्या पाण्यावर, आणि आधार बहुतेक त्या माफीच्या साक्षीदारांच्या शब्दांचा. त्या साक्षीदारांचा स्वतःचा जीव आणखी किती नावं घेतो यावर टांगलेला. १८३६चा ३०वा कायदा तर असा, की अमका खून तुम्ही केला हे दाखवायची गरजच उरली नाही. ठगांच्या टोळीचा माणूस असणं हाच गुन्हा, आणि त्याला जन्मठेप. ठग नव्हतेच, सगळी इंग्रजांनी रचलेली कहाणी, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आमराईतल्या खड्ड्यांतून हाडं निघाली होती. पण माणसाने काय केलं याऐवजी तो कोणाचा कोण हे विचारायची सवय सरकारला लागली की ती सुटत नाही. १८७१ साली जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा आला आणि तो ३१ ऑगस्ट १९५२ला त्या विमुक्त होईपर्यंत टिकला. कागदावर विमुक्त, हेही सांगायला हवं. चोरी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर का जातात, हे त्या वंशावळींपर्यंत मागे जाऊन शोधता येतं.

मग सांगा, ‘एक इंग्रज, एक रुमाल’ असं छापून मी पुस्तक विकू कसं?

फोनवर आमची बरीच झटापट झाली. प्रकाशक वाईट माणूस नाही. त्यांनी सरळ सांगितलं, ‘‘भाई, ठग म्हटलं की लोकांना रुमाल हवा. तुमच्या फायली कोण वाचणार?’’ शेवटी मी म्हटलं, रुमाल ठेवा, पण दुसरा. पेशवे दप्तरातले कागद ज्या कापडात बांधतात त्यालाही रुमालच म्हणतात. मुखपृष्ठावर आलं ते गाठ मारलेलं लाल दप्तर. ‘सत्यघटनेवर आधारित’ गेलं. ते गेलं म्हणून छपाईचा निम्मा खर्च माझ्या खिशातून गेला, आणि पाचशेपैकी अडीचशे प्रती आमच्या पलंगाखाली आल्या. बायको अजून झाडू मारताना काही बोलत नाही, फक्त खोके जरा जोरात सरकवते.

खपवण्याचे प्रकार काय सांगू! दुकानदाराला चाळीस टक्के द्यायचे आणि पैसे कधी येतील ते विचारायचं नाही. ओळखीच्यांना पुस्तक ‘भेट’ हवं असतं, तेही सहीसकट. कचेरीत कळवणं बरं म्हणून खात्याला पत्र दिलं. साहित्यिक लेखनाला नियमांची आडकाठी नाही, तरी फाइल फिरली आणि शेरा घेऊन परत आली : ‘सदर कादंबरीत पोलीस यंत्रणेवर टीका आहे काय?’ मी उत्तर लिहिलं, ‘होय, इसवी सन १८३१च्या.’ त्यावर काही आलं नाही.

भोपाळचं बोलावणं आलं ते मेव्हणीमुळे. ती आणि साडू तिथे कोलार रस्त्याला राहतात. त्यांच्या ओळखीतली मराठी मंडळी महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमून पुस्तकावर बोलतात. वास्कोहून गोवा एक्स्प्रेस थेट भोपाळला जाते. दोन खोकी सीटखाली घातली आणि नोव्हेंबरात जाऊन पोचलो.

भोपाळमध्ये मराठी माणसं एवढी कशी, हा प्रश्न गोवेकराला पडतो. ग्वाल्हेर, इंदूरकडची आहेतच. पण १ नोव्हेंबर १९५६ला नवं मध्य प्रदेश झालं, भोपाळ राजधानी झालं, आणि जुन्या प्रांताच्या नागपूरच्या सचिवालयातले नोकरदार बिऱ्हाडं घेऊन इथे आले. त्यात मराठी पुष्कळ. तात्या टोपे नगरातल्या सरकारी क्वार्टरांत त्यांचे संसार झाले. त्यातली बरीच क्वार्टरं आता पाडली आहेत. (तात्या टोपेही घातानेच पकडला गेला आणि शिवपुरीला फाशी गेला. या प्रदेशात खबऱ्यांपासून सुटका नाही.) ठगांच्या बंदोबस्ताचे १८२९ ते १८३२चे निवडक सरकारी कागद १९३९ साली नागपूरच्या सरकारी छापखान्याने छापले, ते त्याच सचिवालयाच्या दप्तरातले. म्हणजे माझ्यापुढे सतरंजीवर बसलेल्या तीसेक लोकांतल्या कित्येकांचे बाप-आजे त्या फायलींच्या आसपास वावरलेले असणार. मला जरा धाकधूकच वाटली.

त्यांचं मराठी मोठं गोड. ‘‘आपण आधी चाय घ्या, मग शुरू करा.’’ मी फिरंगियाचं प्रकरण वाचलं. हा ठगांचा नामांकित जमादार. हाती लागेना म्हणून स्लीमनने त्याची आई, बायको आणि मूल पकडून ठेवलं. तो त्यांना सोडून लांब जाईना, झाशीच्या आसपासच घुटमळत राहिला, एका गावात दोन रात्री सलग झोपत नसे, आणि १८३०च्या अखेरीस सापडला. पुढे तो स्लीमनचा सगळ्यात मोठा साक्षीदार झाला. इतिहासात हे एवढंच. माझ्या कादंबरीत त्या आईला, बायकोला आणि मुलाला कचेरीत आणतात तेव्हा कारकून नोंदवही उघडतो आणि थांबतो. आरोपींचा रकाना आहे, साक्षीदारांचा आहे, जप्त मालाचा आहे. यांचा नाही. साहेब बाहेरून ओरडतो आहे. शेवटी तो त्यांना जप्त मालाच्या रकान्यात लिहितो. बैल दोन, भांडी सात, आणि त्याखाली म्हातारी एक. हेच प्रकरण ‘गती मंदावते’ म्हणून प्रकाशकांना गाळायला हवं होतं.

वाचून झाल्यावर एका गृहस्थांनी स्लीमनाबाद हे गाव अजून आहे याची आठवण दिली, दुसऱ्यांनी मोडीबद्दल विचारलं. मग मागच्या भिंतीला टेकलेल्या एक बाई बोलल्या. सत्तरीच्या, निवृत्त कारकून. ‘‘हा रकान्याचा प्रसंग खरा आहे, की आपला?’’ मी म्हटलं, अटक खरी, रकाना माझा.

‘‘तुमचा नाही,’’ त्या म्हणाल्या.

गॅसकांडानंतर त्या दाव्यांच्या एका कचेरीत होत्या. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या त्या रात्रीनंतर भोपाळमध्ये किती कागद झाले याची आपल्याला कल्पना नसते. आपल्याला तो लहान मुलाचा फोटो आठवतो. शेवटी मंजूर झालेले दावेच साडेपाच लाखांहून अधिक, आणि प्रत्येक दाव्यामागे अर्ज, दाखला, शिक्का. बाई सांगत होत्या, एक मुलगी तिसऱ्यांदा आली होती. त्या रात्री धावताना तिचं पोटातलं बाळ गेलं. मृत्यूच्या रकान्यात नाव मागतात, बाळाला नाव कुठलं? इजेच्या रकान्यात लिहिलं तर इजा तिची, बाळ त्यात येत नाही. ‘‘मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, फॉर्मात जे आहे तेवढं लिहा.’’

‘‘मग काय लिहिलंत?’’ पुढून कोणीतरी विचारलं.

‘‘फॉर्मात होतं तेवढं. आणि समासात पेन्सिलने एक रेघ मारली. कशासाठी, मला माहीत नाही. कोणी विचारलंही नाही.’’

खोलीत कोणी काही बोललं नाही. मग मेव्हणीने पोहे आणले.

निघताना त्या बाईंनी दोन प्रती घेतल्या. मी पैसे नको म्हटलं तर रागावल्या. ‘‘एक माझ्या भावाला पाठवणार,’’ म्हणाल्या, ‘‘त्याला आवडणार नाही. त्याला खून लागतात.’’ मी सही करायला पेन काढलं, तेव्हा त्यांनी सहीची जागा दाखवली : पुस्तकाच्या सुरुवातीला नाही, त्या रकान्याच्या पानावर, समासात.

परतीच्या गाडीत वहीत नोंद केली. भोपाळ : एकतीस प्रती रोख, दोन भेट, एक खोकं रिकामं. दुसरं साडूंच्या माळ्यावर ठेवून आलो आहे. फेब्रुवारीत इंदूरची काही मंडळी येणार आहेत म्हणे.